ठोकून पळालेल्या गाडीचा माग आणि नुकसानभरपाईचा दावा: कोणते काम आधी, कोणते नंतर

रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीला कोणी धडक देऊन निघून गेले, की बहुतेक मालक आधी गॅरेज गाठतात, मग विमा कंपनीला फोन करतात, आणि कंपनीने कागद मागितलाच तर पोलिस ठाण्याची पायरी चढतात. हा क्रम उलटा आहे. डेंटिंग-पेंटिंग झाले की पत्र्यावर लागलेला दुसऱ्या गाडीचा रंग जातो, काही दिवस उलटले की समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रणावर नवे चित्रण चढते, आणि नंतर गाडीचा नंबर हाती लागला तरी धडक त्याच गाडीने दिली हे दाखवायला काही उरत नाही.

येथे केवळ वाहनाचे नुकसान झाले आहे आणि कोणालाही इजा झालेली नाही, असे गृहीत धरले आहे. इजा झाली असल्यास ११२ वर फोन आणि उपचार ही कामे आधी करावीत. हिट अँड रनची जी सरकारी भरपाई योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, ती मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये देते. गाडीच्या नुकसानीसाठी तिच्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्या अर्जामागे वेळ घालवू नये.

दोन तरतुदी मात्र लक्षात ठेवाव्यात, कारण पोलिस ठाण्यात त्यांचा उल्लेख करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ नुसार केवळ मालमत्तेचे नुकसान झाले असले तरीही चालकाने, पोलिस हजर नसल्यास, जवळच्या पोलिस ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत घटना कळवणे बंधनकारक आहे. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यावर गाडीच्या मालकाला त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे सांगावेच लागते. म्हणजे चालकाचा चेहरा तुम्ही पाहिलेला नसला तरी बिघडत नाही. तुमचे काम गाडीपर्यंत पोहोचण्याचे आहे. गाडीवरून चालकापर्यंत पोहोचण्याचा अधिकार पोलिसांना आहे.

१. गाडी हलवण्यापूर्वी

गाडी वाहतुकीला अडथळा करत नसेल, तर फोटो काढून होईपर्यंत ती जागची हलवू नये. फोटो तीन अंतरांवरून घ्यावेत. पहिला दुरून, ज्यात रस्ता, जवळच्या दुकानाची पाटी आणि तुमच्या गाडीची जागा एकत्र दिसेल. दुसरा संपूर्ण गाडीचा, नंबर प्लेटसह. आणि तिसरा अगदी जवळून, प्रत्येक ओरखड्याचा व पोच्याचा. जवळच्या फोटोत मोजपट्टी किंवा टेप धरून जमिनीपासूनची उंची दिसू द्यावी. ओरखडा जमिनीपासून किती वर आहे यावरून धडकणारे वाहन मोटार होते, पिकअप होता की दुचाकी, याचा बराच अंदाज येतो, आणि पुढे संशयित गाडी सापडल्यावर तिच्या बंपरवरील खुणेशी हीच उंची जुळवून पाहता येते.

यानंतर रस्त्यावर पडलेले तुकडे पाहावेत. टेल लॅम्पच्या किंवा इंडिकेटरच्या काचेच्या आतील बाजूस, आरशाच्या कव्हरच्या मागे किंवा बंपरच्या तुटलेल्या कडेला अनेकदा उत्पादकाची खूण आणि पार्ट नंबर उठावदार अक्षरांत असतो. सुट्या भागांच्या दुकानात तो नंबर दाखवला, की तो कोणत्या मॉडेलचा आणि डाव्या बाजूचा की उजव्या, हे दुकानदार बहुधा लगेच सांगतो. नंबर प्लेट दिसली नसेल, तर तपासाचा हा सर्वांत भक्कम धागा ठरतो, आणि नेमका तोच लोक झाडून गटारात टाकतात. तुकडे उचलण्यापूर्वी जागेवर त्यांचा फोटो घ्यावा, मग कागदी पाकिटात ठेवून त्यावर तारीख, वेळ आणि जागा लिहावी. पोलिस लगेच येणार असतील तर ते जागेवरच राहू द्यावेत, म्हणजे पंचनाम्यात त्यांची नोंद होईल.

सावधान: पत्र्यावर लागलेला परका रंग नखाने किंवा ओल्या फडक्याने काढून पाहू नये. गाडी धुऊ नये.

२. नंबर: दिसला तेवढाच लिहावा

स्वतः पाहिले असेल किंवा कोणी साक्षीदार असेल, तर नंबर ताबडतोब कागदावर उतरवावा आणि न दिसलेल्या जागी फुली मारावी. अंदाजाने जागा भरू नये. साक्षीदाराचे नाव, फोन नंबर आणि तो त्या क्षणी नेमका कोठे उभा होता, हेही लिहून घ्यावे. चहाच्या टपरीवाल्याने सांगितले, एवढे पुढे कामाला येत नाही.

अर्धवट नंबरही उपयोगी असतो. एमएच १२ म्हणजे पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई, एवढ्यानेही शोध आटोक्यात येतो. बीएच मालिकेत, म्हणजे देशभर चालणाऱ्या नोंदणी क्रमांकात, आधी वर्ष येते, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी अक्षरे. ही रचना माहीत नसलेला साक्षीदार नंबर उलटसुलट सांगतो. प्लेटचा रंग आवर्जून विचारावा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी, पिवळ्यावर काळी म्हणजे व्यावसायिक, काळ्यावर पिवळी म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेली आणि हिरवी पाटी म्हणजे विजेवरची. गाडी व्यावसायिक असेल, तर दारावर किंवा मागच्या फळीवर रंगवलेले ट्रान्सपोर्टचे नाव कोणाच्या तरी लक्षात राहिलेले असते. रात्रीच्या अंधारात आठ आणि इंग्रजी बी, पाच आणि एस, शून्य आणि डी यांची गल्लत होते. अशी शंका असेल तर दोन्ही शक्यता नोंदवाव्यात.

३. कॅमेऱ्यांची यादी, तक्रार लिहिण्यापूर्वी

कॅमेऱ्यांचे काम पोलिसांवर सोडून मोकळे होण्याची चूक सर्रास होते. धडकेच्या जागेपासून दोन्ही दिशांना पुढच्या चौकापर्यंत पायी चालत जावे आणि रस्ता दिसेल असा प्रत्येक कॅमेरा टिपावा: सोसायटीचे प्रवेशद्वार, एटीएम, औषधांचे दुकान, पेट्रोल पंप, शाळा. गाडी कोणत्या दिशेने पळाली हे ठाऊक नसेल, तर दोन्हीकडचे कॅमेरे लागतात, कारण धडकेच्या जागेवरील चित्रणात बहुतेक वेळा नंबर वाचता येत नाही. तो वाचता येतो पुढच्या गतिरोधकावर किंवा सिग्नलला, जिथे गाडीचा वेग कमी होतो.

खासगी कॅमेऱ्याचे चित्रण सोसायटीच्या सचिवाकडे किंवा दुकानदाराकडे लेखी विनंती करून मागावे. ते देण्याची सक्ती तुम्ही करू शकत नाही, पण चांगुलपणाने मागितले तर बहुतेक जण पाहू देतात. चित्रण पाहण्याआधी एक छोटे काम करावे. डीव्हीआरच्या, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरची वेळ आणि तुमच्या मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत येतील असा फोटो घ्यावा. सोसायट्यांच्या यंत्रांची घड्याळे सर्रास चुकलेली असतात. यंत्र १७ मिनिटे पुढे असेल आणि धडक रात्री १:५३ ला झाली असेल, तर चित्रणात ती २:१० ला दिसते. हा फरक नोंदवलेला नसेल, तर दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत दिसलेली गाडी एकच होती हे पटवून देता येत नाही.

चित्रण मूळ स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्यावे. पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रीकरण किंवा व्हॉट्सॲपवर आलेली फाइल फक्त ओळख पटवण्यापुरती ठीक असते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जाऊन नंबरचे आकडे पुसट होतात. पुढे भरपाईच्या दाव्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चित्रण सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, म्हणून यंत्र सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि यंत्राचा मेक आत्ताच लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तो सुरक्षारक्षक नोकरी बदलून गेलेला असतो.

शहर पोलिसांचे चौकातील कॅमेरे, द्रुतगती महामार्गावरील कॅमेरे आणि टोलनाक्यावरील फास्टॅगची नोंद तुम्हाला थेट मिळणार नाही. त्या कॅमेऱ्यांची जागा आणि साधारण वेळ मात्र यादीत लिहावी. पोलिसांना हे चित्रण मागवता येते, पण कोठून मागवायचे ते त्यांना सांगावे लागते.

तपासणी: पोलिस ठाण्यात जाण्यापूर्वी हाती असावे असे: तिन्ही अंतरांवरचे फोटो, तुकड्यांचे पाकीट, लिहिलेला नंबर, साक्षीदाराचा तपशील, कॅमेऱ्यांची यादी.

४. पोलिस ठाणे, शक्यतो त्याच दिवशी

ठाणे अंमलदाराचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "गाडीचंच नुकसान आहे ना, मग इन्शुरन्समधून घ्या की." यावर वाद घालण्यापेक्षा लेखी तक्रार तयार करून न्यावी. तक्रारीत घटनेची जागा, तारीख, वेळ, नुकसानीचे वर्णन, नंबर किंवा त्याचा भाग, साक्षीदार, कॅमेऱ्यांची यादी आणि ते चित्रण जतन करण्याची स्पष्ट विनंती असावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ चा आणि त्याच्या भंगाबद्दल शिक्षा सांगणाऱ्या कलम १८७ चा उल्लेख करावा.

भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ हे बेदरकार वाहन चालवण्याचे कलम दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येतो, परंतु त्यासाठी माणसाच्या जिवाला धोका किंवा दुखापतीची शक्यता दिसावी लागते. धडकेच्या वेळी गाडीत कोणी बसले होते का, पदपथावर माणसे होती का, गाडी चुकीच्या बाजूने आली का, हे खरे असेल तर तक्रारीत स्पष्ट लिहावे. "माझ्या गाडीला कोणी तरी धडक दिली" एवढ्याच मजकुरावर फक्त अदखलपात्र नोंद होते. खरे नसलेले काही घुसडू मात्र नये. चित्रणात रस्ता निर्मनुष्य दिसला, तर सगळी तक्रारच संशयास्पद ठरते.

गुन्हा नोंदवला गेल्यास त्याची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ऑनलाइन तक्रार दिली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. ती न केल्याने अनेक तक्रारी तशाच पडून राहतात. ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाला, तर तीच तक्रार पोलिस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस उपायुक्तांकडे, स्पीड पोस्टने पाठवावी. काहीही झाले तरी तक्रारीच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नये. घटनास्थळाचा व गाडीचा पंचनामा करण्याची विनंतीही लेखीच द्यावी.

५. नंबरावरून गाडी आणि विमा

पूर्ण नंबर मिळाला असेल, तर एमपरिवाहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर तो टाकून पाहावा. मालकाचे नाव तेथे अर्धवट झाकलेले असते, परंतु मॉडेल, नोंदणीचे कार्यालय आणि विम्याची मुदत अशी माहिती मिळते. येथे मुख्य काम पडताळणीचे आहे. साक्षीदाराने पांढरी हॅचबॅक पाहिली आणि पोर्टलवर त्या नंबराची दुचाकी निघाली, तर एक तर नंबर चुकला आहे किंवा पाटी बनावट आहे. दोन-तीन संभाव्य नंबर असतील, तर प्रत्येक तपासून जुळणारे आणि न जुळणारे अशी यादी पोलिसांना द्यावी.

गाडीचा विमा कोणत्या कंपनीकडे आहे हे इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या व्ही-सेवा या सुविधेवर अपघाताचा तपशील भरून शोधता येते. मालकाचे पूर्ण नाव आणि पत्ता यांसाठी मोटार वाहन अधिनियमाचे कलम १६० वापरावे: भरपाईचा दावा करणाऱ्या व्यक्तीने विहित शुल्क भरून मागणी केल्यास नोंदणी प्राधिकारी आणि पोलिस ठाण्याचा प्रभारी अधिकारी यांनी गाडीची ओळख आणि ती वापरणाऱ्याचे नाव-पत्ता अशी त्यांच्याकडे असलेली माहिती द्यायची असते. आरटीओतील खिडकीवर या कलमाची फारशी सवय नसते, त्यामुळे अर्जात कलमाचा उल्लेख आणि सोबत तक्रारीची शिक्क्याची प्रत अत्यावश्यक आहे.

सावधान: टेलिग्रामवर किंवा आरटीओबाहेर पैसे घेऊन मालकाचा पत्ता देणारे भेटतात. तो पुरावा दाव्यात वापरता येत नाही आणि तुम्हीच अडचणीत येता. सोसायटीच्या ग्रुपवर नंबर टाकून "हाच तो" असे लिहिणे आणि पत्ता मिळताच चार जण घेऊन त्या दारात जाणे, हे दोन्ही टाळावे. पाटी बनावट असू शकते, हे विसरू नये.

६. स्वतःच्या विम्याचा दावा: घ्यावा की नाही

विमा कंपनीला घटना लगेच कळवावी. कळवणे आणि दावा घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी काही मिळत नाही आणि सगळी मदार समोरच्यावर राहते. सर्वसमावेशक पॉलिसी असेल, तर गणित करूनच ठरवावे.

समजा, नुकसानीच्या विम्याचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि तुम्हाला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न घेतल्याबद्दल हप्त्यात सवलत, मिळतो. एक दावा घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्य होतो, मग २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० वर येतो. या पाच नूतनीकरणांत गमावलेली सवलत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे एकूण १२५ टक्के, म्हणजेच १५,००० रुपये होते. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो, त्यामुळे आकडा थोडा कमी धरावा. त्यात सक्तीची वजावट, म्हणजे १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्याहून मोठ्या गाडीला २,००० रुपये, आणि झीरो डेप (घसारा न कापण्याची जोड-सुविधा) नसेल तर प्लास्टिकच्या भागांवरची ५० टक्के घट मिळवावी. बंपर आणि फेंडरची १२,००० ची दुरुस्ती असेल, तर दावा घेणे तोट्याचे ठरते. लोक मात्र "विमा आहे तर वापरावा" म्हणून घेतात.

दावा घेतला, तर कंपनीने दिलेल्या रकमेपुरता समोरच्याकडून वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही. कंपनीने न दिलेला भाग, म्हणजे वजावट, घसारा आणि टोइंगचा खर्च, तुम्ही समोरच्याकडे मागू शकता. अशा वेळी कंपनीला न सांगता समोरच्याला "सर्व येणे मिळाले" असे लिहून दिले, तर कंपनीचा वसुलीचा हक्क तुम्ही मारलात असे होते आणि दाव्याची रक्कम परत मागितली जाऊ शकते.

७. दुरुस्ती, पण कागदांनंतर

अधिकृत गॅरेजचे भागवार अंदाजपत्रक घ्यावे. समोरच्या गाडीची विमा कंपनी कळली असेल, तर तिला लेखी कळवून पाहणीसाठी मुदत द्यावी आणि ती उलटल्यावरच काम सुरू करावे. नुकसान मोठे असल्यास परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल स्वखर्चाने घ्यावा. बदललेले बंपर, दिवे गॅरेजकडून मागून घेऊन ठेवावेत. बिल जीएसटीचे असावे आणि पैसे बँकेतून जावेत. कच्च्या बिलावर निम्मे पैसे वाचतात, असे गॅरेजवाला सांगेल. दाव्यात त्या बिलाला किंमत नसते.

८. मालक सापडल्यावर

मालक, चालक आणि त्यांची विमा कंपनी या तिघांना रक्कम, तारीख आणि कागदांच्या प्रतींसह नोटीस पाठवावी. मालकाला गाडी नवी असताना घेतलेल्या पॉलिसीतही तिऱ्हाइताच्या मालमत्तेचे संरक्षण असते, हे अनेकदा ठाऊकच नसते. मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत ही मर्यादा साडेसात लाख रुपये असते, दुचाकीसाठी एक लाख. हप्ता वाचवण्यासाठी ती ६,००० रुपयांपर्यंत उतरवून घेतलेली असू शकते, म्हणून पॉलिसीचे पहिले पान मागावे.

मालक आपसात पैसे द्यायला तयार झाला, तर करार लेखी असावा आणि पैसे खात्यात यावेत. त्यात फक्त नुकसानीची रक्कम मिळाल्याचे लिहावे. "गुन्हा मागे घेतो" असे लिहून देऊ नये. गुन्हा नोंदवला गेल्यावर तो मागे घेणे तक्रारदाराच्या हाती नसते.

९. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण

समोरची विमा कंपनी पत्रावर सहसा पैसे देत नाही. तिची जबाबदारी न्यायाधिकरणाकडून ठरावी लागते. कलम १६६ नुसार मालमत्तेच्या मालकालाही अर्ज करता येतो. अर्ज अपघात जेथे झाला तेथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे करता येतो. गोव्यात धडक बसलेला पुणेकर पुण्यात अर्ज करू शकतो. मालमत्तेचे नुकसान २,००० रुपयांहून अधिक असल्यास दिवाणी न्यायालयाचा पर्यायही कायद्याने ठेवला आहे.

तपासणी: न्यायाधिकरणात अर्ज करण्याची, अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावी. पोलिस तपास चालू आहे किंवा विमा कंपनी पत्रांना उत्तर देत आहे, म्हणून ही मुदत थांबत नाही. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही पक्षकार करावे. चालकाचे नाव अजून मिळाले नसेल, तर मालक आणि कंपनी यांच्यावर अर्ज करून ते नाव नंतर जोडण्याची परवानगी मागावी. प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती केली, तर छोट्या रकमांचे दावे तेथे लवकर मिटतात.

गाडी सापडलीच नाही तर

महाराष्ट्रात गुन्हा खरा परंतु आरोपी सापडत नाही, अशा प्रकरणात पोलिस न्यायालयाकडे "ए समरी" पाठवतात. तिची प्रत मागून घ्यावी. नंतर नवा धागा मिळाला, उदाहरणार्थ त्याच रंगाची, तोच दिवा बदललेली गाडी कोणी दाखवली, तर समरीचा क्रमांक टाकून तपास पुन्हा उघडण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि तुकड्यांचे पाकीट सोबत न्यावे.